अमरावतीची लेखणी, दीनानाथांचा गळा अन् दहीहंड्याचं मीठ

‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे शब्द आपण राजकारणावरच्या लेखांत हमखास वाचतो. याच नावाचं एक संगीत नाटक पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं होतं. ते लिहिणारा माणूस आपल्या अमरावतीचा. वामन गोपाळ जोशी, म्हणजेच वीर वामनराव जोशी. जन्म 1881, निधन 1956.

पहिली गल्लत आधी निस्तरू. ‘रागिणी’ लिहिणारे वामन मल्हार जोशी वेगळे. दोघे एकाच काळातले, दोघेही वामन अन् दोघेही जोशी, म्हणून घोटाळा होतो. कादंबरीकार ते ‘मल्हार’ अन् नाटककार ते ‘वीर’, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

साडीतले दोन दिग्गज. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीनं केलं. त्यातली मृणालिनी साकारली केशवराव भोसल्यांनी. कोल्हापूरच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, तेच हे केशवराव. पुढे 1927 मध्ये वामनरावांचंच ‘रणदुंदुभी’ आलं. त्यातल्या तेजस्विनीच्या भूमिकेत होते मास्टर दीनानाथ मंगेशकर. त्यांची लेक लता मंगेशकर यांच्या जन्माला तेव्हा अजून दोन वर्षं होती! मराठी संगीत रंगभूमीचे दोन सर्वांत तेजस्वी गळे एका वऱ्हाडी लेखकाच्या नायिका झाले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

‘रणदुंदुभी’तल्या पदांच्या चाली वझेबुवांच्या, शब्द वामनरावांचे. परवशतेच्या पाशात अडकलेल्याच्या दैन्याचं ते पद तुम्ही नक्की ऐकलं असेल. दीनानाथांची तान वीज चमकावी तशी सुटते अन् अंगावर काटा येतो. स्वातंत्र्याला सूर्य म्हणणारं पदही ‘रणदुंदुभी’तलंच, अन् जगाला वेड्यांचा पसारा ठरवणारंही याच नाटकातलं. गंमत अशी, की गाणं सगळ्यांना पाठ असतं, गायकाचं नाव ओठावर असतं, पण शब्द कोणाचे असं विचारलं की अमरावतीच्या राजकमल चौकातला माणूससुद्धा थबकतो. हे बदलायला हवं.

तो काळ इंग्रजांच्या पहाऱ्याचा होता. 1876 च्या कायद्यानं सरकारला नाटकं बंद पाडता येत होती, अन् खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी येऊन गेलेली होती. म्हणून स्वातंत्र्याची भाषा राजे-राण्यांच्या तोंडी घालायची. समोरच्या प्रेक्षकाला सगळं बरोबर कळायचं.

नावातच बंड. वामनराव अमरावतीतून साप्ताहिक चालवायचे. त्याचं नाव ‘स्वतंत्र हिंदुस्थान’. देश पारतंत्र्यात असताना मथळ्यावरच हे दोन शब्द छापायचे! तुरुंगाच्या वाऱ्या चुकल्या नाहीत, यात नवल नाही.

समुद्राविना मीठ. माझ्या मते सगळ्यांत भारी किस्सा अकोला जिल्ह्यातला. 1930 मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडानं काय करायचं? समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण पूर्णेच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारं, की पिण्याच्या पाण्यासाठी बायाबापड्यांची पायपीट ठरलेली. एरवी शाप असलेलं हेच पाणी त्या एप्रिलमध्ये कामी आलं. याच पट्ट्यातल्या दहीहंडा गावात सत्याग्रही जमले, विहिरीचं पाणी आटवलं अन् कायदा मोडून मीठ काढलं. बापूजी अणे अन् ब्रिजलाल बियाणी यांच्यासोबत या लढ्याच्या नेत्यांत होते आपले नाटककार. तीन वर्षांपूर्वी रंगमंचासाठी जे लिहिलं, ते इथं उन्हात उभं राहून करून दाखवलं.

या मातीतच नाटक. नाट्यसंमेलनाचे पहिले अध्यक्ष (1905) कोण? अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे, टिळकांचे सहकारी. नाटककार गडकरी ज्यांना गुरू मानत, ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करायचे जळगाव जामोदला. पुण्या-मुंबईकडेच बघून नाटकाचा इतिहास सांगणाऱ्यांनी एकदा विदर्भाची गाडी पकडावी.

दीनानाथांच्या आवाजातलं ते परवशतेचं पद आजही सहज ऐकायला मिळतं. आज रात्री घरातल्या पोरांना जवळ बसवून ऐकवा, अन् हे शब्द आपल्या अमरावतीच्या वामनरावांचे आहेत, एवढं त्यांना जरूर सांगा.