सुईच्या शेजारून जाणारी ट्राम

चैत्री पौर्णिमेला डहाणू तालुक्यातील विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरली, की मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत दुकाने, पाळणे आणि कर्णे यांची जी दाटी होते, तिच्यात शालेय पदार्थविज्ञानातील एक अख्खे प्रकरण उघड्यावर मांडलेले असते. डिझेलवर धडधडणाऱ्या जनित्रात चुंबक आणि तांब्याच्या तारेची वेटोळी एकमेकांसापेक्ष फिरतात आणि वीज उत्पन्न होते. तीच वीज पाळण्याच्या चलित्रात शिरली, की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले वेटोळे बळ खाऊन गरगरू लागते. आणि कर्ण्याच्या मुळाशी, कायम चुंबकाच्या अरुंद फटीत बसविलेले बारीक वेटोळे धारेच्या चढउताराबरोबर मागेपुढे थरथरून आपल्याला चिकटलेल्या पातळ पडद्याकरवी हवा हलविते, म्हणून हरवलेल्या मुलाचे नाव आपल्या कानी पडते. यंत्रे तीन, तत्त्व एकच. परंतु आपल्या शाळांत चुंबक आणि वीज ही दोन प्रकरणे अनेकदा अशी लांबलांब शिकविली जातात, की विद्यार्थ्याच्या वहीत त्यांची सोयरीक जुळेपर्यंत वार्षिक परीक्षा दाराशी येऊन ठेपते.

वास्तविक ही सोयरीक जुळविण्याचा मान कोपनहेगनच्या हान्स क्रिश्चन ओर्स्टेड या अध्यापकाकडे जातो. तारेतून धारा सोडताच जवळची चुंबकसूची आपली उत्तर-दक्षिण दिशा सोडून वळते, हे त्याने 1820 साली जाहीर केले. आणि नवलाची गोष्ट अशी, की सुई तारेकडे ओढली जात नव्हती की तिच्यापासून दूरही ढकलली जात नव्हती, तर तारेला आडवी होऊ पाहत होती. उजव्या हाताच्या अंगठ्याचा जो नियम मुले पाठ करतात, तो या आडवेपणाचाच हिशेब आहे : अंगठा धारेच्या दिशेने धरला, तर तारेभोवती वळलेली बोटे बलरेषांची दिशा दाखवितात. तारेचे नालकुंतल केले, की प्रत्येक वेढ्याचे क्षेत्र पुढच्यात मिळते आणि धारा चालू असेपर्यंत ते पट्टीचुंबकासारखे वागते. पुढे 1831 मध्ये मायकेल फॅरडेने याच्या उलट बाजूची सनद मिळविली. चुंबक वेटोळ्यात नुसता ठेवून काही होत नाही. तो हलला पाहिजे, वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषा कमीजास्त झाल्या पाहिजेत, तरच धारा वाहते. डहाणूच्या औष्णिक विद्युत केंद्राची 500 मेगावॅटची क्षमता या एका अटीवर उभी आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची ती केवळ अवजड विद्युतचुंबक मिनिटाला 3000 वेळा फिरते ठेवण्यासाठी. सेकंदाला 50 फेरे, म्हणून आपल्या घरातील प्रत्यावर्ती विजेची वारंवारताही 50.

मग ज्या पट्टीचुंबकाला ना तार ना विद्युतघट, त्याचे काय? त्याच्यातही चुंबकत्व येते ते अणूंतील इलेक्ट्रॉनांच्या भ्रमणातून व त्यांच्या अंगभूत परिवलनातून. लोखंडात असे असंख्य सूक्ष्म चुंबक गटागटाने एका दिशेला तोंड करून राहू शकतात, इतकेच. महालक्ष्मीच्या सुळक्याभोवतीचा हा मुलूख दख्खनच्या ज्वालामुखी खडकांचा. कागदात गुंडाळलेला चुंबक इथल्या एखाद्या कोरड्या ओहोळाच्या वाळूतून फिरविला, तर कागदाला काळ्या कणांची लव उभी राहते. ते मॅग्नेटाइट, लोहाचे ऑक्साइड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवत असताना अशा कणांनी तेव्हाच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात कायम करून घेतली. आणि ती मोजूनच, 1956 च्या सुमारास ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक ब्लॅकेट यांच्या गटातील संशोधकांना दख्खनचा हा खडक दक्षिण गोलार्धात थिजला असल्याचा पुरावा हाती लागला. भूखंडे सरकतात की नाही, यावर तेव्हा विद्वानांत मोठा वाद चालू होता.

परंतु ओर्स्टेडच्या प्रयोगाची खरी सरकारदरबारी दखल घेतली गेली ती मुंबईत, आणि ती कथा पाठ्यपुस्तकात असावयास हवी होती. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत 1826 साली स्थापन झाली आणि 1840 नंतर तेथे भूचुंबकत्वाचे वेध घेणे सुरू झाले. प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे काम करणाऱ्यांत अलिबाग तालुक्यातील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे महाराष्ट्राला केरूनाना म्हणून परिचित झालेले गणिती, होते. काम कंटाळवाणे खरे : रात्रंदिवस सुईचे स्थान पाहावयाचे, आकडा नोंदवहीत चढवावयाचा, आणि पुन्हा तेच. अशा नोंदी साठ वर्षे साचल्यावर शहरात विजेची ट्राम येऊ घातली. ट्रामची धारा वरच्या तारेतून येते आणि रुळांवाटे परत जाते. पण रूळ जमिनीवरच पडलेले असल्याने तिचा काही अंश मातीत पाझरतो व वाटेल तसा भटकतो, आणि जेथे धारा तेथे क्षेत्र. दिष्ट धारेचे हे क्षेत्र सुईला एका बाजूला ओढून धरते, आणि ट्राम निघाली, थांबली, वळली, की ती ओढही बदलते. मग पृथ्वीचे किती आणि ट्रामचे किती, याचा निवाडा कोणी करावा? (डहाणूरोडवरून धावणाऱ्या आजच्या आगगाड्यांची 25,000 व्होल्टची धारा प्रत्यावर्ती आहे, ती सेकंदात शंभर वेळा दिशा पालटते, तेव्हा जड सुई तिच्यामागे धावूच शकत नाही.)

तंटा न करता वेधशाळेनेच मुक्काम हलविला. संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागची जागा पसंत केली आणि 1904 मध्ये तेथे इमला उभा राहिला. त्याचे दगड पोरबंदरहून आणविले, कारण आपल्या काळ्या फत्तरात तेच मॅग्नेटाइट दडलेले. बांधकामात लोखंड वर्ज्य. त्याहून मला मूस यांची पुढची तजवीज थोर वाटते. त्यांनी कुलाब्याचे चुंबकीय वेध लगेच बंद केले नाहीत. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन दोहोंतला फरक निश्चित केला, जेणेकरून कुलाब्याची मालिका अलिबागेत तुटू नये. त्यानंतर 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. कुलाब्याच्या 1846 ते 1905 या काळातील नोंदींचे मूस यांनी सिद्ध केलेले दोन जाडजूड खंड 1910 साली प्रसिद्ध झाले.

या दप्तराची किंमत अलीकडे कळली. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यबिंबावर प्रखर प्रकाश उसळताना दिसला आणि अठरा तासांच्या आत सूर्याकडून निघालेला विद्युतभारित द्रव्याचा लोट पृथ्वीवर आदळला. कुलाब्यात त्या वेळी सकाळ होती. नोंदी ठेवणाऱ्यांनी आपले काम न चुकता केले. क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने, म्हणजे नेहमीच्या मानाने जवळजवळ चार टक्क्यांनी, घसरल्याचे त्यांच्या आकड्यांत उतरले आहे. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, ती फॅरडेच्याच नियमाने : पृथ्वीचे क्षेत्र वेगाने बदलले, लांबच लांब तारा म्हणजे जणू एकच वेटोळे, आणि त्यात न मागितलेली धारा. मार्च 1989 मध्ये याहून सौम्य वादळाने कॅनडाच्या क्विबेक प्रांताची वीज नऊ तास घालविली. तेव्हापासून विजेच्या जाळ्यांचे अभियंते जेव्हा विचारतात, की याहून मोठे वादळ किती मोठे असू शकेल, तेव्हा 1859 पुरते उत्तर म्हणून त्यांच्यापुढे जो आकडा ठेवला जातो तो कुलाब्याच्या नोंदवहीतला असतो.