उलटा गड: कॅन्यनच्या मुलखातला प्रवास कसा आखावा

आजचा विषय व्यवहारातला आहे, पण त्यात भूगोल आहे, थोडं शरीरशास्त्र आहे आणि शेवटी घड्याळाचा एक घोळसुद्धा आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, म्हणजे युटा, अ‍ॅरिझोना, नेवाडा या राज्यांत, वाळवंट आणि खोल दऱ्यांची नॅशनल पार्क जवळजवळ आहेत. झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन, आर्चेस, कॅन्यनलँड्स, थोडं पश्चिमेला डेथ व्हॅली. गाडी भाड्याने घ्यायची आणि आठवडाभरात हे फिरायचं, असा बेत आपल्यापैकी अनेकांच्या घरी शिजतो. आणि तो बहुधा जून-जुलैमध्ये शिजतो. कारण तिकडे शाळांना तेव्हा सुट्टी असते, आणि इकडून आईवडील तेव्हाच गेलेले असतात. म्हणजे गाडीत एक आठ वर्षांचं मूल, एक अडुसष्ट वर्षांचे आजोबा, आणि बाहेर वर्षातलं सगळ्यात कडक ऊन. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच मी बोलणार आहे.

बेत आखताना आपण काय करतो? नकाशा उघडतो, मैल मोजतो, तास मोजतो. माझं म्हणणं असं की पहिल्यांदा मैल मोजूच नका. कागद घ्या, ठिकाणांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. या मुलखात उंची कळली की हवा कळते, दम किती लागेल ते कळतं, मुक्काम कुठे करायचा तेही कळतं.

बघा हं. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. झायनच्या दरीचा तळ साधारण १२०० मीटर. ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड, जिला साउथ रिम म्हणतात, सुमारे २१०० मीटर. ब्राइसची कड २४०० मीटरच्या वर, आणि तिथला रस्ता शेवटी २७०० मीटरच्या पुढे जातो. आता आपलं कळसूबाई आठवा, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या पार्किंगमध्ये तुम्ही गाडीतून पाय खाली ठेवता तेव्हाच कळसूबाईच्या पुष्कळ वर असता. आजोबांना वीस पावलांत धाप लागली तर ते उगाच कुरकुरत नाहीयेत. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास आहे त्यांनी ब्राइसला जायच्या आधी डॉक्टरांशी बोलावं, तिकिटं काढल्यावर नव्हे.

आता हीच उंची तापमानात वाचा. जुलैतल्या दुपारी डेथ व्हॅलीत सरासरी ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास. पृथ्वीवरचं नोंदलेलं सर्वाधिक तापमान, ५६.७ अंश, तिथलंच, १० जुलै १९१३ चं. झायनच्या तळाला ३८. साउथ रिमला २९. ब्राइसला सव्वीस-सत्तावीस. एकाच आठवड्यात, एकाच राज्याच्या शेजारीपाजारी! नियम सोपा आहे: हजार फूट खाली उतरलात की साधारण तीन अंश वाढतात. म्हणून उन्हाळ्यातल्या बेताचं माझं सूत्र असं: खालच्या जागा सकाळी बघायच्या, आणि झोपायला जमेल तितकं उंचावर जायचं. जुलैत डेथ व्हॅली बेतातून काढून टाका. नोव्हेंबर ते मार्चमध्ये ती फार सुंदर असते, तेव्हा जा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण सह्याद्रीतली माणसं. गड चढायची आपल्या अंगाला सवय आहे. सिंहगड असो, राजगड असो, हिशेब एकच: आधी चढण, दम निघतो, वर पोचलो की पिठलं-भाकरी, आणि परतताना उतार. थकलो तर मधूनच मागे फिरतो, आणि मागे फिरणं म्हणजे सोपी बाजू. कॅन्यन हा उलटा गड आहे. आधी उतार. सकाळची थंड हवा, ताजे पाय, समोर तो अफाट देखावा. पाऊण तासात तुम्ही कुठल्या कुठे उतरता आणि वाटतं, अजून थोडं जाऊ. थकवा जाणवतो तोपर्यंत तुम्ही खाली असता, ऊन चढलेलं असतं, खालची हवा वरच्यापेक्षा गरम असते आणि सगळी चढण अजून समोर असते. साउथ रिमपासून कोलोरॅडो नदीपर्यंत ही उतरण तेराशे मीटरच्या वर आहे. रिमला २९ अंश असताना नदीकाठी ४१ असतात. तिथे दरवर्षी शेकडो लोकांना रेंजर मंडळींना सोडवून आणावं लागतं, आणि त्यात धडधाकट तरुणही असतात. उन्हाळ्यात एका दिवसात नदीपर्यंत जाऊन वर येऊ नका, असं पार्क स्वतः सांगतं.

तेव्हा हिशेब असा ठेवायचा. खाली जायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट वर यायला. तीन तास हातात असतील तर एक तास झाला की मागे फिरायचं, देखावा कितीही बोलवत असला तरी. आणि सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दरीत चालायचं नाही. ब्राइट एंजल नावाची वाट आहे, तिच्यावर दीड मैलावर विश्रांतीगृह आहे. मुलांना घेऊन पहाटे तिथवर गेलात तरी पुष्कळ झालं. शेजारची साउथ कायबाब वाट जास्त देखणी आहे, पण तिच्यावर पाणी अजिबात नाही आणि सावली नावालाच.

पाण्याबद्दल एक गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्याकडे उलटी सांगितली जाते. कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळतो. शर्ट ओला होत नाही, म्हणून वाटतं घाम येतच नाहीये. माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत हवंच. पण नुसतं पाणी ढोसत राहिलात आणि काही खाल्लं नाहीत तर रक्तातलं मीठ कमी होतं. त्याची लक्षणं, म्हणजे मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, ही उष्माघाताच्या सुरुवातीसारखीच दिसतात. मग लोक आणखी पाणी पाजतात. म्हणून पाण्याबरोबर खारट खाणं. इथे आपण मराठी लोक जन्मतः तयार आहोत: भडंग, खारे शेंगदाणे, शेव, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. (हशा) नाही, खरंच. रेंजरसुद्धा खारट खायलाच सांगतात. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य आहे, त्यांनी मात्र हा उपाय करण्यापेक्षा दरीत उतरूच नये.

मग आजोबांनी काय करायचं? पुष्कळ काही. साउथ रिमवर कडेकडेने सपाट, फरसबंद वाट आहे. तिच्या एका भागाला काळाची वाट केलंय: एक मीटर चाललात की दहा लाख वर्षं झाली, आणि कडेला त्या त्या काळातले दगड मांडलेत. काठी टेकत चालता येतं. शिवाय पार्कच्या फुकट बस आहेत. पश्चिमेकडच्या हर्मिट रस्त्यावर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदीच असते, बसनेच जायचं. झायनमध्येही तेच: बस सुरू असतात त्या महिन्यांत दरीतल्या मुख्य रस्त्यावर आपली गाडी नेता येत नाही. लोकांना ही कटकट वाटते. मला हा त्या पार्कांतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो.

ही तीन पार्क एका प्रवासात का घ्यावीत, याला एक सुरेख कारण आहे. हा सगळा प्रदेश म्हणजे एक प्रचंड जिना आहे. ग्रँड कॅन्यनच्या माथ्याचा खडक झायनच्या पायाशी सापडतो, आणि झायनच्या माथ्याचा खडक ब्राइसच्या पायाशी. कॅन्यनच्या तळाचे खडक पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपासचे, तर ब्राइसचे गुलाबी सुळके जेमतेम पाच कोटींचे. मधले झायनचे उंच तांबूस कडे म्हणजे जुन्या वाळवंटातल्या टेकड्या, दगड झालेल्या. वाळवंटात उभं राहून तुम्ही त्याच्याही आधीचं वाळवंट बघत असता.

आता पावसाकडे येऊ. तिकडेही मॉन्सून आहे, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत धरतात. पण आपल्या पावसासारखा तो दिवसदिवस रेंगाळत नाही. दुपारी ढग जमतात, एका पट्ट्यात तासभर कोसळतात, शेजारचा पट्टा कोरडा. जमीन म्हणजे उघडा खडक, पाणी मुरत नाही, सगळं अरुंद घळीत धावतं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. तो पाऊस काही मैल दूर, वरच्या अंगाला पडला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनमधल्या एका घळीत सात जण गेले. तेव्हा डोक्यावरचं आकाश बघून घळीत शिरू नका. झायनमध्ये रोज पुराच्या शक्यतेची पातळी जाहीर होते, ती सकाळी बघा. पूर शक्य आहे एवढं जरी लिहिलं असेल, तरी मुलांना घेऊन नॅरोजच्या नदीपात्रात जायचं नाही.

बेताचा सांगाडा आता मांडतो. लास व्हेगासहून झायन, अडीच-तीन तास, दोन रात्री. तिथून ब्राइस दोन तास, दोन रात्री. चांदणं बघायचं असेल तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. मग पेज गावात एक रात्र आणि सकाळी अँटिलोप. ती जागा नवाहो लोकांच्या भूमीत आहे, त्यांच्या वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, आणि नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही. मॉन्युमेंट व्हॅलीही नवाहो भूमीत आहे, तिथेही हा पास चालत नाही. पुढे साउथ रिम, दोन रात्री, आणि परत व्हेगास, साडेचार तास. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स यात कोंबू नका. ब्राइसहून मोआबपर्यंत चारशे किलोमीटरहून जास्त आहे, त्यासाठी वेगळे तीन-चार दिवस ठेवा. त्या बाजूला गेलात तर इंटरस्टेट ७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना या गावांमध्ये सुमारे पावणेदोनशे किलोमीटर पेट्रोल नाही, हे लक्षात असू द्या.

एक प्रश्न नेहमी येतो: कॅन्यन दोन्ही बाजूंनी बघता येईल का? समोरची कड पक्ष्याच्या वाटेने सोळा किलोमीटर. गाडीने सुमारे ३४०, म्हणजे पाच तास. शिवाय उत्तर कड हिवाळ्यात बंद असते, आणि जुलै २०२५ च्या वणव्यात तिथला जुना लॉज जळून गेला. पहिल्या खेपेला सोडून द्या.

राहण्याच्या जागा पार्कच्या आत हव्या असतील तर वर्षभर आधी बघायला लागा. झायनमधल्या एंजल्स लँडिंगला २०२२ पासून परवाना लागतो, सोडतीने मिळतो. आणि पैशांचं: २०२६ पासून वार्षिक पास अमेरिकेतल्या रहिवाशांना ८० डॉलर आणि बाहेरच्यांना २५० असा वेगळा झाला आहे. पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून अकरा पार्कांत माणशी १०० डॉलर जादा पडतात. आईवडिलांना नेणार असाल तर निघण्यापूर्वी हा हिशेब पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

राहिलं घड्याळ. उन्हाळ्यात युटात घड्याळ एक तास पुढे असतं. अ‍ॅरिझोना घड्याळ हलवत नाही, त्यामुळे तेव्हा तिथे व्हेगासचीच वेळ चालते. पण अ‍ॅरिझोनातल्याच नवाहो प्रदेशात घड्याळ पुढे करतात, आणि त्या नवाहो प्रदेशाच्या पोटात असलेल्या होपी लोकांच्या भागात करत नाहीत! पेज गाव अ‍ॅरिझोनाच्या वेळेने चालतं, पण सीमेजवळ असल्यामुळे तिथे फोन आपल्या मनाने वेळ बदलतो. म्हणून अँटिलोपचं आरक्षण करताना विचारून घ्या, वेळ कुठली? आणि त्या दिवशी एक साधं मनगटी घड्याळ हातात बांधा, फोनवर भरवसा ठेवू नका.

हं, मागच्या रांगेत हात वर दिसतोय. विचारा.