डिस्क ड्रायव्हर : ‘लिहिलं’ म्हणजे नेमकं कुठे लिहिलं?

स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतलेले बरेच जण स्क्रीनवर ‘हॅलो’ उमटवण्यापर्यंत आरामात पोचतात. गाडी अडते ती डिस्कपाशी. अमरावती-अकोल्याकडचे पीएचडीच्या तयारीतले मित्र विचारतात, एटीए घेऊ, एएचसीआय घेऊ की सरळ एनव्हीएमई?

सुरुवात एटीए पीआयओनेच करा. जुनं आहे, हळू आहे, पण डोळ्यांसमोर घडतं. १एफ६ (सगळे आकडे हेक्समध्ये) या पोर्टवर ड्राइव्ह निवडायचा, पुढे सेक्टरचा पत्ता द्यायचा, १एफ७ वर २० ही कमांड लिहायची. बिझी बिट शून्य आणि डीआरक्यू बिट एक झाला, की १एफ० वरून १६ बिटांचे २५६ शब्द वाचायचे. झाला ५१२ बाइटचा एक सेक्टर! एमआयटीच्या एक्सव्ही६ची जुनी एक्स८६ आवृत्ती बघा, तिथला आयडीई ड्रायव्हर एका बैठकीत वाचून होतो.

पेनड्राइव्हच्या मोहात मात्र पडू नका. त्यावरून बूट होतं, कारण ते काम बायोस करतं. तुमचा कर्नल प्रोटेक्टेड मोडमध्ये गेला की ती मदत संपली. मग यूएसबी कंट्रोलरपासून सगळं तुमच्याच गळ्यात.

नव्या लॅपटॉपवर बहुधा एनव्हीएमईच असतं. नाव ऐकून घाबरू नका. आधी पीसीआयवर कंट्रोलर शोधायचा, मेमरीत कमांडची रांग मांडायची आणि ‘डोअरबेल’ रजिस्टर वाजवायचं. मला तरी हे एएचसीआयपेक्षा सुटसुटीत वाटलं. हातात साटाचं मशीन नसेल तर एएचसीआय सोडून दिलं तरी चालेल.

आता माझी फजिती. अकोल्याला घरी जुन्या डेस्कटॉपवर माझा ड्रायव्हर चालवत होतो. फाइल लिहिली, स्क्रीनवर ‘यशस्वी’ आलं आणि लाइट गेली. परत आल्यावर बघतो तर फाइल अर्धीच! काहून? दोन दिवस कोड उलटापालटा केला. कोडमध्ये चूक नव्हती, माझ्या समजुतीत होती. बिझी बिट उतरला म्हणजे ड्राइव्हने डेटा घेतला एवढंच. तो अजून ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशेत असू शकतो. तबकडीवर पोचवायला ई७, म्हणजे फ्लश कॅशे, ही कमांड द्यावी लागते. क्वेमूमध्ये हे कधीच दिसलं नसतं; क्वेमू मध्येच बंद केलं तरी खालचा खरा संगणक चालूच असतो ना.

प्रत्येक सेक्टरनंतर फ्लश केलं तर डिस्क रांगायला लागते. म्हणून जर्नलिंगमध्ये आधी नोंदी लिहितात, फ्लश करतात, मग ‘पक्कं’ अशी खूण लिहून पुन्हा फ्लश करतात. कुठला फ्लश टाळता येईल, यावर आजही संशोधन चालतं. तुमचा विषय कदाचित इथेच सापडेल.

करून बघायचं असेल तर रिकामी जुनी डिस्क घ्या. आधी फक्त ईसी कमांडने तिची ओळख विचारा, मग वाचन जमवा. लिहिणं सर्वांत शेवटी, आणि घरच्यांचे फोटो असलेली डिस्क केबल काढून बाजूला ठेवल्यावरच.