दोन रेषा, एक आकडा

सकाळी ६, लातूर
नांदेडची एसटी. अहमदपूर, लोहा करत तीन-साडेतीन तास. आठवड्यातला हा एकच वार संशोधनाचा. बाकीचे वार कॉलेजातले तास, प्रॅक्टिकल आणि नॅकच्या फायलींचे.

सकाळी १०, विष्णुपुरी
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. सूर्याच्या प्लाझ्मातली इलेक्ट्रॉनांची घनता काढायच्या आमच्या कामाला दुर्बीण लागत नाही. २००६ साली सुटलेल्या जपानच्या हिनोडे यानाने टिपलेले सूर्याचे वर्णपट सर्वांना खुले आहेत, 'कियांती' हा अणुमाहितीचा संचही फुकट. लॅपटॉप आणि नेट असलं की भागतं.

सकाळी ११.३०
आज लोह-१३, म्हणजे १२ इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. त्याच्या तळाशी एकमेकींच्या अगदी जवळ असलेल्या तीन ऊर्जापातळ्या. वरच्या दोन्हींवरून घसरायला आयन सेकंदाचा साधारण दहावा भाग घेतो. अणूच्या हिशेबात हा फार मोठा मुक्काम. प्लाझ्मा विरळ असेल तर धक्का बसण्याआधीच तो तळाला पोचतो, आणि तिथून उठून २०२.० अँगस्ट्रॉमची रेषा देतो. इलेक्ट्रॉन दाट झाले की वरच्या पातळीवर असतानाच दुसरा धक्का बसतो, मग २०३.८ ची रेषा उजळते.

दुपारी १.३०
डबा खाताना एमएस्सीची मुलगी विचारते, "सर, रेषा ठळक म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त, ना?"
"तेवढ्यावरून नाही सांगता येत. तेज घनतेच्या वर्गाने वाढतं, पण थराच्या जाडीनेही वाढतं. जाड विरळ थर आणि पातळ दाट थर सारखेच दिसू शकतात. रेषांचं गुणोत्तर घे. दोन्ही एकाच आयनच्या, त्यामुळे जाडी आणि लोखंडाचं प्रमाण कटून जातं, तापमानाचाही फारसा त्रास राहत नाही."

दुपारी ३
खरी कटकट इथे. २०३.८ ला लोह-१२ ची २०३.७ ची रेषा चिकटलेली. दोन शिखरं वेगळी बसवली नाहीत तर घनता फुगून येते. पार्श्वभूमीची पातळी जरा हलवली की उत्तरही हलतं.

सायंकाळी ५
सक्रिय भागासाठी उत्तर आलं: घन सेंटिमीटरला सुमारे ३ अब्ज इलेक्ट्रॉन. तापमान दहा-वीस लाख अंश, तरी आपल्या हवेपेक्षा अब्जावधी पटींनी विरळ.

सायंकाळी ६
परतीची गाडी. भारताच्या आदित्य-एल१ यानावरचं व्हीईएलसी हे उपकरण याच लोह-१३ ची १०७४७ अँगस्ट्रॉमची रेषा बघतं. पुढचं काम तिचं. आजच्या आकड्यापुढे त्रुटीची मर्यादा लिहिली. तिच्याशिवायचा आकडा आमचे गाइड वाचतच नाहीत.