जुन्या सायकलीवर खर्च करायचा तो कुठे?

ऑक्टोबर 2023 मध्ये हैदराबादच्या आउटर रिंग रोडलगत सौर छपराखालचा 23 किलोमीटरचा सायकलमार्ग खुला झाला. पण काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या जिन्यांखाली पडून असलेल्या साध्या, स्वस्त सायकलीही रस्त्यावर यायला हव्यात. त्यांना सुटे भाग मोजकेच लागतात; ते चांगले घ्यावेत.

आधी फ्रीव्हील बदला. हे शहर चढउतारांचे आहे. जुन्या 28 इंची काळ्या सायकलीला बहुधा पुढे 44 आणि मागे 18 दाते असतात. पेडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. बंजारा हिल्सच्या चढावर हे गुडघ्यांना जड पडते. मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील लावले की एका फेऱ्यात साडेचार मीटर कापले जातात आणि पायाचा जोर सुमारे 18 टक्क्यांनी कमी लागतो. सपाटीवर वेग थोडा घटतो, घटू द्या. चेनही त्याच वेळी नवी घ्या. जुन्या चेनच्या 24 कड्या पट्टीवर 12 इंचांपेक्षा अष्टमांश इंचाने जास्त भरल्या, तर ती झिजली आहे, आणि तिने दातेही खाल्लेले असतात.

चढ आला की उतारही येतोच. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक घसरतो. कॅलिपर ब्रेकच्या सायकलीला ॲल्युमिनियमची रिम आणि चांगले ब्रेक शू लावले, तर फरक पहिल्याच पावसात कळतो. रॉड ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतो, त्यामुळे तिथे नुसता कॅलिपर जोडून भागत नाही.

रिम घेताना मापाला जपा. 26 इंची म्हणून विकली जाणारी रिम 559 मिलिमीटरची असते, तशीच 590 ची. एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. टायरच्या बाजूला छापलेला आकडा वाचूनच दुकानात जा.

ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये बंद पडला, तरी त्या सायकली निकामी झाल्या नाहीत, कारण छर्रे, कोन, चेन, फ्रीव्हील यांची मापे बहुतेक कंपन्यांत सारखीच असतात. म्हणून ओव्हरहॉलिंगला सायकल द्याल तेव्हा छर्रे धुऊन परत घालू देऊ नका, नवेच टाकायला सांगा. ते अगदी स्वस्त असतात. फ्रेमला तडा गेला असेल, तर मात्र त्या सायकलीवर एक रुपयाही घालू नका.