रेघ सांगते पाण्याची गोष्ट

समजा, तुम्ही दर सोमवारी विहिरीत दोर सोडता, काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजता आणि संगणकावरच्या तक्त्यात लिहून ठेवता. दोन वर्षांत शंभरावर आकडे जमतात. यंदा रब्बीला गहू घ्यावा की कमी पाण्यावर येणारा हरभरा, हे ठरवायला त्या आकड्यांची मोठी मदत होते. पण नुसत्या रकान्यावरून नजर फिरवून काही हाती लागत नाही. त्यासाठी आलेख हवा.

आलेख काढायला आता आलेखवही लागत नाही की महागडे सॉफ्टवेअरही. एक्सेल अनेकांच्या परिचयाचे आहे. 'लिबरऑफिस कॅल्क' तर मोफत मिळते. रकाने निवडायचे, 'चार्ट'वर टिचकी मारायची, की आलेख तयार! एक्सेलमध्ये त्या रकान्यांना आधी 'टेबल'चे रूप दिले, तर पुढच्या सोमवारी नवी ओळ लिहिताच आलेखही आपोआप पुढे सरकतो.

गावातल्या पन्नास विहिरींच्या पन्नास फायली असतील, तर १९८६ पासून चालत आलेला 'ग्नूप्लॉट' हा मोफत प्रोग्राम पाहावा. फायली 'सीएसव्ही' प्रकारात, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या साध्या मजकुरात साठवायच्या. आज्ञांच्या काही ओळी एकदा लिहून ठेवल्या, की तो एकामागून एक सगळे आलेख काढून देतो.

मात्र संगणकाला आकडे कळतात, विहीर कळत नाही. रकान्यात '१२ मीटर' लिहिले तर त्याच्या लेखी तो आकडा नव्हे, मजकूर होतो. म्हणून 'मीटर' हा शब्द रकान्याच्या मथळ्यात द्यावा. एखादा सोमवार चुकला तर जागा रिकामी ठेवावी, शून्य लिहू नये. इथे शून्य म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली!

सर्वांत मोठी फसगत वेगळीच आहे. पाणी खाली गेले की खोलीचा आकडा वाढतो आणि आलेखाची रेघ वर चढते. घाईत पाहणाऱ्याला वाटते, पाणी वाढले. आणि तो गहू पेरून मोकळा होतो. यावर उपाय सोपा आहे. उभा अक्ष उलटा करण्याची सोय या साधनांत असते, ती वापरावी. मग पाण्याबरोबर रेघही खाली उतरते.

शेवटी, दोन वर्षांचे दोन रकाने करून दोन्ही रेघा एकाच आलेखात काढाव्यात. यंदाची रेघ दिवाळीतच गेल्या वर्षीच्या खाली दिसली, तर हरभऱ्याचा विचार वेळेवर करता येईल. विहीर आटल्यावर तो करून काय उपयोग?