वासाने भूक जागते

दिवसभर रानात राबून माणूस घरी येतो. अंगणात पाय ठेवतो, तोच आत आमटीला लसणाची फोडणी पडते. चर्र आवाज होतो. वास दारापर्यंत येतो. लगेच तोंडाला पाणी सुटते. मघापर्यंत भुकेची आठवणही नव्हती. आता मात्र ताट कधी पुढे येते, असे होऊन जाते.

हे असे का होते बरे? चला, आपण समजून घेऊ.

वास म्हणजे पदार्थाचे अगदी बारीक कण. ते डोळ्यांना दिसत नाहीत. हवेबरोबर ते नाकात शिरतात. नाकाच्या आत, वरच्या बाजूला, वास ओळखणाऱ्या जागा आहेत. त्या सुमारे ४०० प्रकारच्या आहेत. वासाचे कण तिथे पोचले की मेंदूला निरोप जातो. हे काम कसे चालते ते अमेरिकेतील रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक या दोघांनी शोधून काढले. त्यासाठी २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूला निरोप गेला की पोट तयारीला लागते. रशियात पावलोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. अन्न पोटात जाण्याआधीच, नुसते दिसले किंवा त्याचा वास आला, तरी तोंडात लाळ सुटते आणि पोटात पाचक रस सुटू लागतो, असे त्यांनी दाखवले. पचनावरच्या कामासाठी त्यांनाही १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पाहुणा येणार असे कळले की आपण आधीच घोंगडी अंथरून ठेवतो ना? तसेच हे.

आता एक गंमत करून पाहा. चिमूटभर बडीशेप घ्या. एका हाताने नाक घट्ट दाबा आणि बडीशेप चावा. थोडी गोडी लागेल. पण बडीशेपेची खरी लज्जत कळणार नाही. आता नाक सोडा. लज्जत एकदम कळेल! जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकीची सारी लज्जत नाकाची. म्हणून तर पडसे झाले की जेवण मिळमिळीत लागते. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत कित्येकांचा वास गेला होता. त्यांना पक्वान्नही बेचव लागत होते.

वय झाले की वास कमी येतो. आमच्या ओळखीच्या एका घरी असेच झाले. आजी जेवेनात. सून म्हणाली, "भाऊ, आत्याबाई रोज ताट माघारी लावतात. काय करावं?" आम्ही आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "बाबांनो, वासच येत न्हाई. भाकर माती खाल्ल्यागत लागती."

आम्ही पाहिले, तर आजी ओसरीवर एकट्या जेवत. भाकरी झाकून ठेवलेली, गार. आमटीही गार. आम्ही सुनेला सांगितले, "आजींना चुलीपाशी बसवा. गरम गरम वाढा. वाढताना वर लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. कोथिंबीर चुरडून घाला. लिंबू पिळा. एकदम ताटभर वाढू नका, थोडे थोडे चार वेळा द्या. आणि कुणीतरी सोबत जेवायला बसा." चार दिवसांनी आजी अर्धी भाकरी खाऊ लागल्या.

पण गोष्ट इथे संपली नाही. आजींचा खोकला जुना होता. संध्याकाळी अंग कढत होई. चोळी ढिली झाली होती, म्हणजे वजन उतरले होते. मुलाने बाजारातून एका वासाच्या तेलाची बाटली आणली होती. विकणारा म्हणाला होता, "पाण्यात दहा थेंब टाकून प्यायला द्या, भूक खवळेल." आम्ही ती बाटली बाजूला ठेवायला लावली आणि आजींना सरकारी दवाखान्यात नेले. थुंकी तपासली. क्षयरोग निघाला. सहा महिने रोज औषध घेतले. आज आजी स्वतः चुलीपुढे बसून नातवंडांना भाकरी करून घालतात.

ती बाटली दिली असती तर? घरातला मसाला आणि बाटलीतले तेल एक नव्हे, मंडळी. १०० किलो गवती चहातून जेमतेम अर्धा किलो तेल निघते, कधी त्याहूनही कमी. इतके ते कडक असते. निलगिरीचे तेल, कापूर, लवंगेचे तेल पोटात गेले तर विषबाधा होऊ शकते. लहान मुलाला थोड्या तेलानेही झटके येतात. म्हणून अशा बाटल्या मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नका. चुकून कोणी प्यालेच तर उलटी करवू नका. बाटली बरोबर घ्या आणि ताबडतोब दवाखाना गाठा. गाडीसाठी १०८ नंबर फिरवा.

कोणी म्हणतात, तेलाचा वास घेतला की भूक मरते आणि वजन उतरते. हे अजून सिद्ध झालेले नाही. त्यासाठी पैसे घालवू नका. मात्र एक गोष्ट खरी. एकाच पदार्थाचा वास बराच वेळ नाकात राहिला की त्याची गोडी कमी होते. स्वयंपाक करणाऱ्या बाया म्हणतात ना, "करून करूनच पोट भरलं." पण ते पोट रिकामेच असते! मायबहिणींनो, अशा वेळी जेवण टाळू नका. थोडा वेळ बाहेर वाऱ्याला बसा आणि मग पोटभर जेवा.

पोटुशी बाईला फोडणीच्या वासाने मळमळते. तिला चुलीपासून दूर बसवा. तिला थोडे निवलेले अन्न द्या. गार अन्नाचा वास कमी येतो.

आणि ज्याचे पोट भरलेले आहे, पण भज्यांच्या वासाने पाय हॉटेलाकडे वळतात, त्याने काय करावे? आधी स्वतःला विचारावे, "आता साधी भाकरी मिळाली तर खाईन का?" उत्तर 'नाही' आले, तर ती भूक पोटाची नाही, नाकाची आहे. वासापासून दहा पावले दूर जावे.

तर ध्यानात ठेवा. वास भूक जागवतो, पण रोग बरा करत नाही. खोकला किंवा ताप दोन आठवडे टिकला, भूक गेली, वजन उतरू लागले, तर वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध फुकट मिळते. घरात कोणाचे ताट रोज माघारी येत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. आधी त्याच्यापाशी बसा आणि विचारा, "वास येतो का?"